शूर एसएलएक्स-डी : चर्चच्या गरजेतून केलेले परीक्षण

शूर कंपनीची एसएलएक्स-डी ही डिजिटल वायरलेस माइकची मालिका २०२० साली बाजारात आली. त्याच वर्षी १३ जुलैला अमेरिकेत ६०० मेगाहर्ट्झच्या म्हणवल्या जाणाऱ्या, म्हणजे ६१४ ते ६९८ मेगाहर्ट्झच्या, पट्ट्यात वायरलेस माइक चालवणे, दोन अरुंद फटी वगळता, कायद्याने बंद झाले. या माइकचे परीक्षण करताना या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. अनेक चर्चच्या ध्वनिकक्षात त्या सुमारास नवा माइक आला, तो जुना नादुरुस्त झाला म्हणून आला नाही. जुना ठणठणीत होता, पण तो ज्या फ्रिक्वेन्सीवर चालत होता तीच मोबाइल कंपन्यांना लिलावात विकली गेली होती. मी एका मंडळीची, म्हणजे चर्चच्या उपासकसमूहाची, ध्वनिव्यवस्था स्वयंसेवक म्हणून पाहतो आणि हे परीक्षण त्याच गरजेतून लिहिले आहे. आवाज नियंत्रित करणाऱ्या मिक्सरवर दर रविवारी वेगळी व्यक्ती बसते, पाळकांना उपदेश करताना व्यासपीठावर फिरण्याची सवय असते आणि तंत्रज्ञासाठी वेगळी तरतूद अंदाजपत्रकात नसते, अशा ठिकाणी हा माइक कितपत उपयोगी पडतो, एवढाच माझा प्रश्न आहे.

थोडी पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे, कारण तिच्याशिवाय या माइकच्या खोक्यावरील सर्वांत महत्त्वाची खूण कळणार नाही. वायरलेस माइक परंपरेने दूरदर्शन वाहिन्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत चालतात. अमेरिकेत अशी प्रत्येक वाहिनी ६ मेगाहर्ट्झ रुंद असते. रेडिओ लहरींचे नियमन करणाऱ्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने, म्हणजे एफसीसीने, आधी ६९८ ते ८०६ मेगाहर्ट्झचा पट्टा माइकसाठी बंद केला, ज्याची अंतिम तारीख १२ जून २०१० होती. त्या वेळी ज्यांनी ७०० चे माइक टाकून ६०० चे घेतले, त्यांना साधारण दहा वर्षांत पुन्हा तेच करावे लागले. ६०० मेगाहर्ट्झच्या जागेच्या, २०१६ च्या मार्चमध्ये सुरू झालेल्या लिलावाचा निकाल १३ एप्रिल २०१७ रोजी जाहीर झाला, दूरदर्शन केंद्रांकडून ८४ मेगाहर्ट्झ जागा मोकळी करून घेण्यात आली, लिलावातून सुमारे १९.८ अब्ज डॉलर उभे राहिले आणि त्यांतील जवळपास ८ अब्ज डॉलरची बोली एकट्या टी-मोबाइल या मोबाइल कंपनीची होती. माइक वापरणाऱ्यांना जागा सोडण्यासाठी ३९ महिन्यांची मुदत मिळाली. ६०० मेगाहर्ट्झमध्ये चालणाऱ्या माइकची विक्री मात्र १३ ऑक्टोबर २०१८ पासूनच थांबवण्यात आली. दूरदर्शन केंद्रांना वाहिनी बदलण्याच्या खर्चासाठी सरकारी निधीतून भरपाई होती, चर्चच्या माइकसाठी अशी कोणतीही भरपाई नव्हती. काही उत्पादकांनी जुना माइक परत घेऊन नव्यावर सूट दिली, तेवढाच काय तो दिलासा. व्यवहार म्हणून यात बेकायदेशीर काही नव्हते, कारण बिनपरवाना माइकला त्या जागेवर हक्क कधीच नव्हता. तरीही दानपेटीतून आलेल्या पैशांवर चालणाऱ्या संस्थेला एकाच गोष्टीसाठी दोनदा खर्च करायला लावणारे धोरण मला फारसे न्याय्य वाटत नाही.

नव्या रचनेत ६१७ ते ६५२ मेगाहर्ट्झ मोबाइल मनोऱ्यांकडून फोनकडे जाणाऱ्या संदेशांसाठी आणि ६६३ ते ६९८ मेगाहर्ट्झ फोनकडून मनोऱ्याकडे जाणाऱ्या संदेशांसाठी आहेत. चर्चच्या दृष्टीने हा दुसरा भाग अधिक त्रासाचा आहे. मनोरा दूर असतो, त्याचा संदेश भिंतींतून क्षीण होत आत येतो. फोन मात्र मंडळीच्या खिशांत आणि पर्सेसमध्ये असतात. माइकचा संदेश पकडणाऱ्या रिसिव्हरची अँटेना बहुधा सभागृहाच्या मागच्या बाजूला, मिक्सरच्या टेबलाजवळ ठेवलेली असते, म्हणजे पाळकांच्या कमरेला लावलेल्या, संदेश पाठवणाऱ्या ट्रान्समीटरपेक्षा शेवटच्या बाकावरचे फोन तिला कितीतरी जवळचे असतात. रिकाम्या सभागृहात शनिवारी संध्याकाळी निर्दोष चालणारा जुना माइक रविवारी उपासना रंगात येताच तुटक बोलू लागतो, याचे एक कारण हेच असते. असा माइक वापरणे कायद्याविरुद्ध आहे हे तर झालेच, पण तो वापरून समाधानही मिळत नाही.

जे ६०० पासून दूर होते तेही या बदलातून सुटले नाहीत. लिलावानंतर ९८७ दूरदर्शन केंद्रांना नव्या वाहिन्या देण्यात आल्या आणि हे स्थलांतर दहा टप्प्यांत जुलै २०२० पर्यंत पार पडले. ५०० च्या घरात वर्षानुवर्षे शांत असलेल्या एखाद्या फ्रिक्वेन्सीवर एके दिवशी अचानक एखादे केंद्र सुरू झाले की तिथला माइक निकामी ठरतो, आणि ध्वनिकक्षातील माणूस बॅटऱ्या बदलत बसतो. ३८ ते ५१ या वाहिन्या रिकाम्या करून त्यांवरील केंद्रे खालच्या वाहिन्यांमध्ये कोंबल्यामुळे ४७० ते ६०८ मेगाहर्ट्झ या उरलेल्या जागेत गर्दी झाली आहे. एसएलएक्स-डीची खरी परीक्षा या गर्दीत आहे.

ही मालिका अमेरिकेत तीन बँडमध्ये, म्हणजे फ्रिक्वेन्सीच्या तीन पट्ट्यांत, मिळते. जी५८ हा ४७० ते ५१४ मेगाहर्ट्झ, एच५५ हा ५१४ ते ५५८ मेगाहर्ट्झ, आणि जे५२ हा ५५८ ते ६०२ मेगाहर्ट्झ व त्याशिवाय ६१४ ते ६१६ मेगाहर्ट्झ. घेताना जो बँड घेतला तोच कायमचा, पुढे तो मेनूमधून बदलता येत नाही. तिन्हींची पेटी, माइक आणि कागदपत्रे दिसायला सारखीच असतात, आणि नेमके याच कारणाने बँडची ही बारीक अक्षरे न वाचता खरेदी होते. कोणता बँड घ्यावा याचे सर्वत्र लागू पडेल असे उत्तर नाही. आपल्या पिन कोडच्या परिसरात कोणती दूरदर्शन केंद्रे प्रत्यक्ष प्रसारण करतात, हे एफसीसीच्या नकाशावर पाहता येते, आणि शूरच्या संकेतस्थळावरही त्यासाठी शोधसाधन आहे. पडद्यावर दिसणारा वाहिनीचा क्रमांक आणि तिची प्रत्यक्ष प्रसारणाची वाहिनी या दोन भिन्न गोष्टी असतात, हे ते पाहताना ध्यानात ठेवावे लागते. न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस, शिकागो, बॉस्टन यांसारख्या काही महानगरांत १४ ते २० या, म्हणजे जी५८ च्याच जागेतील, वाहिन्यांचा काही भाग पोलीस व अन्य सेवांच्या वॉकी-टॉकीसाठी राखलेला आहे. तिथे जी५८ घेण्यापूर्वी दोनदा विचार करावा. जे५२ मधील ६१४ ते ६१६ ही फट फोन आणि दूरदर्शन दोघांपासूनही मोकळी असल्याने आकर्षक वाटते, पण ती फक्त दोन मेगाहर्ट्झची आहे आणि शेजारच्या चर्चलाही तीच सापडलेली असते. एकदोन माइकची सोय म्हणून ती चांगली, संपूर्ण व्यवस्था तिच्यावर उभी करता येणार नाही.

मी या मालिकेला सर्वाधिक गुण देईन ते फ्रिक्वेन्सी शोधण्याच्या सोयीबद्दल. प्रत्येक रिसिव्हरला नेटवर्कची तार जोडता येते. सगळे रिसिव्हर एका साध्या स्विचला जोडले की एका रिसिव्हरवरून सगळ्यांसाठी तपासणी सुरू करता येते. तो परिसर तपासतो, सर्वाधिक मोकळ्या जागा असलेला फ्रिक्वेन्सींचा गट निवडतो आणि उरलेल्या रिसिव्हरना एकमेकांना त्रास न देणाऱ्या फ्रिक्वेन्सी वाटून देतो. मग प्रत्येक ट्रान्समीटर रिसिव्हरसमोर धरून बटण दाबले की अवरक्त किरणांद्वारे नवी फ्रिक्वेन्सी त्यात उतरते. पूर्वी हे काम आकडेमोडीचे होते. दोन माइक ५४० आणि ५४१ वर चालू असतील तर त्यांच्या मिश्रणातून ५३९ आणि ५४२ वर भुते, म्हणजे नको असलेले संदेश, उभी राहतात, तिसरा माइक तिथे ठेवला की खरखर ठरलेली. माइकची संख्या वाढली की अशा जोड्या झपाट्याने वाढतात. गटांची ही आकडेमोड कारखान्यातच झालेली असल्याने स्वयंसेवकाला ती माहीत असण्याची गरज उरत नाही. ज्यांना अधिक खोलात जायचे आहे त्यांच्यासाठी शूरची वायरलेस वर्कबेंच ही संगणक प्रणाली विनामूल्य आहे आणि ती या मालिकेला ओळखते.

तपासणी मात्र केव्हा करायची, हे यंत्र सांगत नाही. मंगळवारी दुपारी केलेली तपासणी रविवारी सकाळी उपयोगी पडेलच असे नाही, कारण आठवड्यातून एकदाच, ठरावीक दोन तासांत, परिसरातील प्रत्येक चर्च आपले माइक एकदम चालू करते. दुसरे कोणतेही क्षेत्र इतक्या शिस्तीने एकाच वेळी हवेत येत नसेल! म्हणून निदान एकदा तरी तपासणी रविवारी, उपासनेच्या वेळेच्या जवळपास करावी. त्या वेळी आपले माइकचे ट्रान्समीटर बंद ठेवावेत, पण व्यासपीठामागचा एलईडी पडदा, दिवे आणि गायकांच्या कानांतील मॉनिटरचे ट्रान्समीटर चालू ठेवावेत. एलईडी पडद्यातून रेडिओ लहरींचा बराच गोंगाट बाहेर पडतो. तो बंद असताना मोकळी दिसलेली फ्रिक्वेन्सी पहिल्या गीताच्या ओळी पडद्यावर येताच व्यापलेली निघते.

आवाजाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. २४ बिटांचे डिजिटल ध्वनिवहन असल्याने जुन्या ॲनालॉग माइकमध्ये आवाज दाबून पुन्हा पसरवण्याच्या प्रक्रियेमुळे येणारा श्वासासारखा फुसफुसाट इथे नाही, आणि प्रार्थनेत पाळक हळू आवाजात बोलतात तेव्हा हा फरक ऐकू येतो. हातात धरायच्या माइकवर शूरच्याच एसएम५८ या माइकचे डोके घेतले तर त्याचा स्वभाव ध्वनिकक्षातील प्रत्येकाला परिचित असतो. प्रणालीत आवाज सुमारे ३.२ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो, म्हणजे वक्त्यापासून आणखी एखादा मीटर दूर उभे राहिल्याइतका, जो उपदेशात किंवा गायनात जाणवत नाही. ट्रान्समीटरवर आवाजाची पातळी ठरवत बसावे लागत नाही, ती रिसिव्हरवर ठरवता येते, आणि चर्चसाठी हा मोठा गुण आहे. कमरेवरच्या यंत्रात कोणी काय फिरवून ठेवले, याचा शोध उपासनेच्या दहा मिनिटे आधी सहसा घ्यावा लागत नाही.

डिजिटल माइकचा एक स्वभाव मात्र आधी समजून घ्यावा. ॲनालॉग माइक अडचणीत आला की आधी खरखरतो, फुसफुसतो, म्हणजे पूर्वसूचना देतो. डिजिटल माइक शेवटपर्यंत स्वच्छ बोलतो आणि मग एकदम गप्प होतो. कानांवर विसंबण्याची सवय असलेल्या जुन्या ध्वनिसेवकांना हे खटकते. रिसिव्हरच्या पडद्यावरील सिग्नलच्या पट्ट्यांकडे लक्ष ठेवण्याची सवय लावावी लागते, आणि तो रिसिव्हर बंद कपाटात ठेवला असेल तर ती सवय लागणे अवघड. बंद धातूच्या कपाटात अँटेना ठेवणे तसेही चुकीचे आहे. या मालिकेच्या रिसिव्हरवरील अँटेना काढता येतात, त्यामुळे तारेने त्या पुढे आणून व्यासपीठाच्या थेट नजरेत, माणसांच्या डोक्यांच्या वर बसवता येतात. मानवी शरीर या फ्रिक्वेन्सी बऱ्यापैकी शोषून घेते. मंडळी उभी राहून गात असताना अँटेना कमरेच्या उंचीवर असेल तर कितीही महागडा माइक अडखळेल. फ्रिक्वेन्सी बदलल्यामुळे सुरू झाला असे समजला जाणारा बराचसा त्रास प्रत्यक्षात अँटेनाच्या जागेचा असतो, आणि तो सोडवायला नवा माइक लागत नाही.

बॅटरीबाबत दोन साध्या एए सेलवर आठ तासांपर्यंत चालते असे कंपनी सांगते. रविवारी दोन उपासना आणि मधला सराव त्यात निभावतो, तरी प्रत्येक रविवारी नवे सेल घालणेच शहाणपणाचे. पुन्हा चार्ज होणारी बॅटरी स्वतंत्र विकत मिळते. ट्रान्समीटरची शक्ती १ किंवा १० मिलिवॅट ठेवता येते, आणि मध्यम आकाराच्या सभागृहात १० पुरते. परवान्याविना दूरदर्शनच्या पट्ट्यात ५० मिलिवॅटपर्यंत मुभा असल्याने कायद्याचा प्रश्न येत नाही. नियमितपणे ५० किंवा अधिक माइक वापरणाऱ्या मोठ्या सभागृहांना परवाना मिळू शकतो आणि त्याबरोबर अधिक शक्ती व काही संरक्षणही मिळते, पण तो आकार बहुतेक मंडळींच्या आवाक्याबाहेरचा आहे. आपल्यासारख्या बिनपरवाना वापरकर्त्यांना दुसऱ्याचा व्यत्यय सहन करावा लागतो आणि आपला व्यत्यय कोणाला झाला तर थांबावे लागते, हे गृहीत धरूनच खरेदी करावी.

पर्याय म्हणून सेन्हायझर कंपनीची ईडब्ल्यू-डी मालिका या किमतीच्या आसपास येते, दोन्हींत एका माइकचा संच साधारण हजार डॉलरच्या आत मिळतो. ईडब्ल्यू-डीचा प्रत्येक बँड ५६ मेगाहर्ट्झ रुंद आहे, म्हणजे एसएलएक्स-डीच्या ४४ पेक्षा पळून जायला अधिक जागा देणारा, आणि वरचा बँड जवळपास ६०८ पर्यंत पोहोचतो. तिच्या फ्रिक्वेन्सी समान अंतरावर ओळीने लावता येतात, त्यामुळे आकडेमोड आणखी सोपी होते, आणि आवाजाचा उशीरही १.९ मिलिसेकंद इतका कमी आहे. गर्दीच्या महानगरात मी तिचा विचार आधी करीन. मात्र तिची मांडणी फोनवरील ॲपभोवती रचलेली आहे, आणि ॲप कोणाच्या फोनमध्ये असावे हा प्रश्न ज्या मंडळीत दर आठवड्याला ध्वनिसेवक बदलतो तिथे किरकोळ नसतो. शूरचे जुने कॉलर माइक आणि हेडसेट ज्यांच्याकडे आहेत, त्यांना एसएलएक्स-डीच्या बॉडीपॅकवर, म्हणजे कमरेला लावायच्या ट्रान्समीटरवर, तोच चार पिनांचा जोड मिळतो आणि तो खर्च वाचतो. माझ्या दृष्टीने निवड या दोन गोष्टींवर ठरते, ध्वनीवर नाही.

२.४ गिगाहर्ट्झवर चालणारे माइक दूरदर्शनच्या सगळ्या भानगडींपासून मुक्त असतात, परवाना लागत नाही, गावोगावी नेता येतात. रविवार-शाळेच्या खोलीसाठी किंवा लहान प्रार्थनागृहासाठी ते पुरेसे आहेत. पण तोच पट्टा वायफायचा आहे. मुख्य सभागृहात शेकडो फोन वायफाय शोधत असताना त्यांवर उपदेश सोपवावा असे मला वाटत नाही. १.९ गिगाहर्ट्झचे डेक्ट पद्धतीचे, म्हणजे घरगुती बिनतारी फोनच्या तंत्राचे, माइक स्वतःच मोकळी जागा शोधून घेतात आणि निव्वळ बोलण्यासाठी उत्तम असतात, गायकांसाठी मी ते निवडणार नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये एफसीसीने एकाच रुंद वाहिनीत अनेक माइक एकत्र चालवणाऱ्या नव्या पद्धतीला मान्यता दिली आणि सेन्हायझरची स्पेक्टेरा ही त्या पद्धतीची प्रणाली त्याच वर्षी पुढे आली. गर्दीवरचा खरा उपाय कदाचित त्या दिशेने येईल, पण आज तरी ती उपकरणे लहान चर्चच्या हिशेबातली नाहीत.

एकूण पाहता, आठ-दहा माइकपर्यंतच्या आणि पूर्णवेळ तंत्रज्ञ नसलेल्या मंडळीला मी एसएलएक्स-डीची शिफारस करतो. कंपनीच्या मते एका बँडमध्ये ३२ पर्यंत आणि एका रिकाम्या दूरदर्शन वाहिनीत १० माइक बसतात, पण शहरात पूर्ण बँड कधीच रिकामा नसतो, म्हणून पहिला आकडा विसरून दुसऱ्यावर हिशेब करावा. खरेदीच्या वेळी बँड आपल्या परिसराला मानवला नाही तर बदलून मिळेल का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. शाळेचे सभागृह भाड्याने घेऊन उपासना करणाऱ्या किंवा दोन ठिकाणी भरणाऱ्या मंडळींनी दोन्ही ठिकाणांची यादी तपासून मगच बँड ठरवावा.

ज्यांना एवढाही खर्च नको त्यांनी जुना ॲनालॉग एसएलएक्स वापरलेला घ्यायला हरकत नाही, फक्त मागचे लेबल वाचावे. जे३ लिहिलेले असेल तर तो ५७२ ते ५९६ मेगाहर्ट्झचा आहे आणि आजही चालतो. एल४ लिहिलेले असेल तर तो ६३८ ते ६६२ चा आहे, आणि कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. आपल्याच कपाटात एल४ पडून असेल तर तो दुसऱ्या एखाद्या गरजू चर्चला देण्याचा मोह टाळून सरळ इलेक्ट्रॉनिक कचऱ्यात द्यावा. त्याआधी त्याचा कॉलर माइक काढून ठेवावा, तो नव्या बॉडीपॅकला बसतो.